हेंद्रेपाड्यातल्या भिंतीवरची यादी

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, लग्नातल्या आहेरांची, माझ्या वर्गातल्या मुलांना लागणाऱ्या वह्यापुस्तकांची. त्यामुळे आमच्या मंडळीच्या पंच कमिटीने पुराच्या तयारीची यादी करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

ही १९९०च्या आगेमागेची गोष्ट. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. बहुतेक घरं नगरकडून कारखान्यातल्या नोकऱ्यांसाठी इकडे आलेली आणि उल्हासनगर कॅम्प पाचपासून बदलापूर गावापर्यंत विखुरलेली. रविवारची उपासना अंबरनाथला एका भाड्याच्या हॉलमध्ये व्हायची. आदल्या पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी बदलापूर पश्चिमेला काही घरांत शिरलं होतं. त्यात आमच्या दोन कुटुंबांचं वर्षाचं धान्य भिजलं, आणि बाकीच्यांना ते थेट रविवारी कळलं. पाळकसाहेबांना याची फार लाज वाटली होती.

एका ज्येष्ठ पंचांना मात्र यादीचा विचार पटत नव्हता. "देवावर भरवसा आहे म्हणता, मग उद्याची काळजी कशाला करता?"

पाळकसाहेब म्हणाले, "काळजी नको असं शास्त्र सांगतं, तयारी नको असं नाही. प्रलयासाठी नोहाने तारवाची पहिली फळी ठोकली तेव्हा पाऊस नव्हता. योसेफाने कोठारं भरली ती सुकाळात."

"नोहाला लोक हसले असतील, साहेब," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

"हसले असतीलच. तुम्हीही हसा, पण हसता हसता हात वर करा. बाई नावं लिहून घेतायत."

मी नावं घेतली. कागदाच्या वरच्या भागात नेहमीच्या सूचना लिहिल्या: रेशनकार्ड आणि बाप्तिस्म्याचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावेत, चुरमुरे, गूळ आणि काडेपेटी उंचावर ठेवावी, गॅस बंद करावा. मुख्य भाग खाली होता. ज्यांना स्वतःहून चालता येत नाही अशा प्रत्येकासमोर मंडळीतल्या दोन धडधाकट भावांची नावं. पाणी वाढलं की त्या दोघांनी जाऊन त्या माणसाला हलवायचं. कागद शाळेत सायक्लोस्टाइल केला आणि घरोघरी जाऊन खळीने भिंतीवर चिकटवला. काम चोख झालं याचा मला अभिमान होता, हे लपवत नाही.

यादीत सगळ्यात वर बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यातल्या एक आजी होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या पलंगावरच होत्या. तळमजल्यावरची एक खोली, घरात आजी आणि त्यांची विधवा सून. सून उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कपडे शिवायच्या कारखान्यात जायची. सकाळी आजींचं सगळं करून निघायची, संध्याकाळी परत. त्यांच्यासमोर मी दोन चांगले मजबूत भाऊ लिहिले होते. आजींना वाचता येत नव्हतं. मी तीनदा वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हितंच लाव, पलंगापाशी. मला दिसाया पायजे."

त्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस थांबला नाही. बुधवारी सकाळी साडेनऊला आमचा दूधवाला पायऱ्यांवरूनच ओरडला, "बाई, हेंद्रेपाड्यात नाल्याचं पाणी उलटं फिरलंय!" माझी शाळा दुपारची, म्हणून मी घरी होते. छत्री घेतली, यादी घेतली आणि पहिल्या भावाच्या घरी गेले.

दार त्याच्या बायकोने उघडलं. "ते सकाळी सातलाच गेले की हो मुंबईला. रोजच जातात."

तिथून दुसऱ्याच्या घरी. तो अंबरनाथला पहिल्या पाळीत. तिथेही बायकोच. "काय झालं, बाई? तुमचा चेहरा असा का झाला?"

कारण रस्त्यातच मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली होती. एकूण एक नाव कामावर गेलेलं. नावं मी रविवारी घेतली होती, सगळी माणसं घरी असण्याच्या दिवशी. बुधवारी सकाळी बदलापुरात कोण असतं, हा विचार ना माझ्या डोक्यात आला होता, ना पंचांच्या.

"आजींना हलवायचंय," मी म्हटलं.

"पण माझं नाव कुठंय त्यात?"

"नाहीये. चला."

वाटेत पहिल्या भावाच्या बायकोलाही घेतलं. हेंद्रेपाड्यात पाणी गुडघ्याला लागत होतं. आजींच्या दारात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई कंबरेला पदर खोचून उभ्या होत्या. त्यांचं कुटुंब बौद्ध, नवरा कारखान्यात. येता-जाता त्यांचा जयभीम आणि आमचा ख्रिस्ती रिवाजाचा सलाम व्हायचा, त्यापलीकडे ओळख नव्हती. त्यांनी आजींच्या पलंगाखाली प्रत्येक पायाला तीन-तीन विटा लावल्या होत्या. एकटीने.

मला बघून त्या भडकल्या. "आलात का? तुमच्या त्या कागदाने माझं डोकं खाल्लंय सकाळपासून. नऊ वाजल्यापासून सांगतेय, आजी, वर चला. समोरच्या दोघी पण तयार होत्या उचलायला. ही बाई ऐकेल तर शपथ!"

पलंगावरून आजी म्हणाल्या, "हात लावू नगं म्हणलं ना. दोघं भाऊ येणारेत. पंचांनी लिव्हून दिलंय. मी गेले आन् ते आले, तर मला कुठं हुडकतील?"

भिंतीवरचा कागद त्यांच्या डोक्याजवळ होता. पाणी पहिल्या विटेच्या वर आलं होतं.

त्या क्षणी मला जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आजींना वाचवण्यासाठी जो कागद मी केला होता, त्यानेच दीड तास त्यांना पाण्यात धरून ठेवलं होतं. कागद नसता, तर त्या नऊ वाजताच वर गेल्या असत्या.

"आजी," मी म्हटलं, "ते दोघं येणार नाहीत. ते कामावर आहेत. यादी मी लिहिली आणि ती चुकली."

आजींनी भिंतीवरच्या कागदाकडे मान वळवली. "पंचांची चूक?"

"माझी. पंचांनी नुसतं बघितलं."

"मग आधी सांगायचं न्हाई का! ही बिचारी कवाची वरडतीया." मग वरच्या ताईंकडे वळून म्हणाल्या, "चल गं, उचल. पन दमानं. खुबा मोडका हाय, तोंड न्हाई, दुखलं तर बोलंन."

त्यांना लाकडी खुर्चीत बसवलं, साडीने खुर्चीला बांधलं. चौघींनी चार पाय धरले. जिना अरुंद. प्रत्येक पायरीला आजी एकदा प्रभूचं नाव घ्यायच्या आणि एकदा आम्हाला शिव्या द्यायच्या. वर पोचल्यावर वरच्या ताईंनी आधी त्यांचे पाय पुसले, मग चहा टाकला. साडेअकराला मी खाली पाहिलं तेव्हा पलंगाची गादी पाण्यात होती.

सून संध्याकाळी आली ती रस्ताभर रडत. आजींना वरच्या खोलीत भात खाताना पाहून दारातच बसली.

त्या रविवारी मी उभी राहून मंडळीला सगळं सांगितलं. मग त्या आठवड्यात बायबलमध्ये वाचलेलं सांगितलं. यरुशलेमचा पडलेला कोट पुन्हा बांधला, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरासमोरचा भाग बांधायला घेतला होता. बांधणाऱ्यांच्या नोंदीत एका अधिकाऱ्याच्या मुलीही आहेत. यादी करायला बसण्याआधी मी तो अध्याय वाचला असता, तर आजींसमोर लांबचे दोन पुरुष लिहिले नसते, भिंतीपलीकडची बाई लिहिली असती.

ज्येष्ठ पंच म्हणाले, "मंडळीच्या यादीत बाहेरची नावं घालायची?"

पाळकसाहेबांनी विचारलं, "त्या दिवशी बाहेर कोण होतं, भाऊ?"

नवी यादी करायला मी घरोघर गेले, आणि मुद्दाम बुधवारीच, सकाळी दहानंतर. दार कोण उघडतं ते लिहीत गेले. बायका, रिटायर झालेले, रात्रपाळीवाले, शेजारी. हेंद्रेपाड्यात वरच्या ताईंना विचारलं, "तुमचं नाव लिहू का आजींसमोर?"

त्या भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "माझं नाव लिहून काय करता? मी कागद बघून येणार आहे का? आणि मी माहेरी गेलेली असले तर ती परत माझीच वाट बघत बसायची. तिला एवढंच सांगा, जो पहिला येईल त्याच्याबरोबर गप जायचं."

आजींच्या भिंतीवर नवा कागद लावला. त्यावर एकही नाव नाही. तेवढं एक वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलं आणि आजींना पाठ होईपर्यंत चार वेळा म्हणून घेतलं.