अव्वा पुढे चालली तो दिवस

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, शेवटची अंघोळ घालायला आम्ही तिघीजणी होतो. दोघींनी डोकं, खांदे, हात वाटून घेतले आणि पाय माझ्या वाट्याला आले. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. त्याआधी अंग पुसून विभूती लावतात. बाहेर विधी करायला जंगम येऊन थांबले होते, माणसं घाई करत होती, आणि मी पाय धूत बसले होते. ते धुताना मला पैनगंगेचा काळा दगड आठवला. त्या दिवसाबद्दल घरात कुणी फारसं बोललं नाही. आता त्यातलं कुणी उरलंही नाही. म्हणून जमेल तसं लिहून ठेवते आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि मी दहा-अकरा वर्षांची असेन. लातूरच्या गंजगोलाईत आप्पांचं कापडाचं दुकान होतं. आप्पांना मधुमेह होता. त्यांची पावलं हळूहळू बधिर होत गेली होती. हे आम्हाला कळलं ते एका थंडीत. आप्पा शेगडीजवळ बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि आत स्वयंपाकघरात अव्वाला कसलासा वास आला. ती बाहेर आली तर आप्पांची टाच शेगडीच्या कडेला टेकलेली. ते पान उलटत होते. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

ती टाच बरी व्हायला चार महिने लागले. डॉक्टरांनी तेव्हा अव्वाला बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता पायाचं दुखणं कळणार नाही, ते तुम्हाला कळायला पाहिजे. पुन्हा जखम चिघळली तर पाय कापावा लागेल. त्या दिवसापासून अव्वाची नजर खाली गेली ती गेलीच. आप्पा दुकानातून आले की ती आधी पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. तिने जुन्या गोधडीचे तुकडे दुमडून त्यांना घरात घालायला जाड मोजे शिवले होते. आप्पा ते घालत नसत. ‘मी काय बाळंतीण हाय का?’ म्हणायचे.

इस्लापूरला माझ्या मामांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या मुलाच्या बारशाला आम्ही लातूरहून नांदेडला आणि तिथून पुढे, असे दोन दिवस प्रवास करून गेलो. बारसं झालं. दुसऱ्या दिवशी मामांनी पैनगंगेवरच्या सहस्रकुंडाची टूम काढली. पाऊस संपला होता, नदीला पाणी होतं आणि दगड उघडे पडले होते. ‘दाजी, एवढं लांब आला तर धबधबा बघून जा. वाट दाखवायला माणूस सांगून ठेवलाय. मोठमोठ्या साहेबलोकांना त्यानंच फिरवलंय.’

तो माणूस म्हणजे जंगल खात्यातून निवृत्त झालेला नाकेदार. अंगात खाकी कोट, हातात वेताची काठी. कोटाच्या दोन गुंड्या वेगळ्या रंगाच्या होत्या. सकाळी बैलगाडी नदीजवळच्या उंबराखाली सोडली, तेव्हा तो आमच्या आधी येऊन बसला होता.

‘चला मालक. आधी वरची कडा, मग भीमाचं जातं, मग हत्ती, मग खाली धार. जिल्ह्याचे अव्वल तालुकदार साहेब आले तव्हा याच वाटेनं नेलं. खुश झाले लई.’

झाडी संपली आणि एकदम दगड सुरू झाला. इतका दगड मी कधी पाहिला नव्हता. नदीच्या काठाला वाळू नाही, माती नाही, पायऱ्या नाहीत. काळाभोर कातळ पाण्यापर्यंत पसरलेला, मध्येमध्ये फाटलेला, कुठे रांजणासारखे खड्डे पडलेले. पाणी त्या फटींतून पांढरं होऊन खाली पडत होतं. त्याचा आवाज पोटात जाणवत होता.

नाकेदाराने काठी उचलून सगळीकडे फिरवली. ‘हे दिसतंय ना मालक, ह्ये समदं म्हंजी एकच पिंड हाय म्हणतात. महादेवाची. वर नदी अभिषेक करून राहिली.’

तो हे प्रत्येकाला सांगत असणार. सांगून तो पुढे चालायलाही लागला. पण आप्पा थांबले. त्यांनी वाकून जोडे काढले, उपरण्याने झटकले आणि उंबराच्या मुळाशी नीट ठेवले.

‘मालक, जोडे ऱ्हाऊ द्या पायात. मंदिर तिकडं हाय. इथून समदे घालूनच जातात.’

‘जात असतील,’ आप्पा म्हणाले. ‘तुम्हीच सांगितलं ना पिंड म्हणून? देवाच्या अंगावर जोडे घालून चालू?’

‘तसं न्हवं, ते आपलं म्हणायचं...’

‘म्हणायचं असेल तर खरं म्हणावं.’

आप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होतं. लिंगपूजेशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नसत. अशा माणसाला हा दगड देव आहे म्हटल्यावर पुढचं काही बोलायची सोय नव्हती. नाकेदाराने मामांकडे पाहिलं. मामांनी अव्वाकडे पाहिलं.

‘अहो,’ अव्वा हळू म्हणाली, ‘ऊन चढेल. परत येताना...’

‘परत येताना काय?’

लोकांसमोर तिला आजाराचं नाव घेता येईना. आप्पांनी ते मामांनाही कळू दिलं नव्हतं. व्यापाऱ्याचा पाय गेला की गिऱ्हाईक जातं, असं त्यांचं मत होतं. अव्वाने आपल्याही वहाणा काढल्या, त्यांच्या जोड्यांशेजारी ठेवल्या, आणि आप्पांना ओलांडून पुढे झाली.

मामांना हसू आलं. ‘काय अक्का, आज दाजींच्या पुढं?’

‘मला धबधबा आधी बघायचाय.’

‘बघ बाई. आम्हाला थोडा ठेव म्हंजी झालं.’

मी तिच्या मागे होते. म्हणून मला दिसत होतं की ती धबधब्याकडे बघतच नव्हती. ती एकेका दगडावर पाऊल टेकवत होती, थांबत होती, आणि मग पुढचं टाकत होती. कुठे दगडाची धार असली की म्हणायची, ‘इकडून या, इथं सपाट आहे.’ कुठे शंख-शिंपल्यांचा चुरा असला की लुगड्याच्या ओच्याने झाडून बाजूला सारायची. आप्पांना हे ओळखू आलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ते तिच्या मागोमाग चालत होते, मान वर करून, खुशीत.

नाकेदार दाखवत होता. एका गोल खड्ड्यापाशी भीमाने जातं फिरवलं होतं. एका उंचवट्याला तो हत्ती म्हणाला.

‘मला तर म्हैस दिसते,’ आप्पा म्हणाले.

‘म्हैस म्हणा मालक. तालुकदार साहेबांनीबी उंट म्हणलं होतं.’

मग त्याने काठीने पलीकडचा काठ दाखवला. ‘तिकडं वऱ्हाड. इंग्रजाचा मुलूख. पाणी अर्धं त्यांचं, अर्धं आपल्या सरकारचं.’

‘आणि हा आवाज?’ मामांनी विचारलं.

‘आवाजावर अजून करोडगिरीची जकात बसली न्हाई,’ नाकेदार म्हणाला. सगळे हसले. अव्वाही हसली, पण जरा उशिराने, आणि खाली बघत.

धारेजवळ पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. आप्पांनी तिथेच पूजेला बसायचं ठरवलं. पाणी आणलं, भस्म लावलं, तळहातावर लिंग घेतलं आणि डोळे मिटले. ते पूजेला बसले की वेळ किती जाईल याचा नेम नसे. मामा आणि नाकेदार सावलीला जाऊन विडी ओढत बसले. आश्विनातलं ऊन. सकाळी गार असलेला कातळ आमच्यासमोर तापत चालला होता. अव्वा थोड्या थोड्या वेळाने उठून आलो त्या वाटेवर चार पावलं जायची आणि परत यायची. दर खेपेला लवकर परत यायची. मी विचारलं, ‘काय झालं?’ ती म्हणाली, ‘काही नाही. तुझे पाय पाण्यात ठेव.’

पूजा आटोपली, शिदोरी सोडली. परत निघालो तेव्हा मला एक पाऊल टाकवेना. मामांनी मला खांद्यावर घेतलं. ‘दाजी, लई तापलंय हो. तुम्हाला न्हाई भाजत?’

‘देवाच्या नावाने चाललं की भाजत नाही,’ आप्पा म्हणाले. ते खरोखरच संथ चालत होते, देवळात चालावं तसे. नाकेदाराने भक्तिभावाने हात जोडले. मामांच्या खांद्यावरून मी अव्वाचा चेहरा पाहिला. तो पांढरा पडला होता.

तिने तांब्या घेतला आणि फटीतलं पाणी भरून आप्पांच्या पुढच्या दगडांवर ओतायला लागली. ओतायचं, त्यावरून स्वतः जायचं, मग त्यांना बोलवायचं, पुन्हा भरायचं.

‘बाई, ओलं नका करू,’ नाकेदार ओरडला. ‘शेवाळ हाय, घसरतंय.’

तिचा हात थांबला. कोरडं ठेवावं तर भाजणार, ओलं करावं तर घसरणार. ती तांब्या धरून तशीच उभी राहिली. आप्पा मात्र थांबले नाहीत. त्यांचं पाऊल ओल्या दगडावर पडलं, सरकलं, आणि उजवा पाय त्या जात्यासारख्या खड्ड्यात घोट्यापर्यंत गेला. मामांनी मला खाली टाकून त्यांना धरलं.

आप्पा हसत होते. ‘काही नाही, काही नाही. अजिबात दुखत नाही.’

हे शब्द ऐकून मामांना हायसं वाटलं. नाकेदारालाही वाटलं. अव्वाला मात्र नाही. तांब्यातलं पाणी तिच्याच पायांवर सांडत होतं.

उंबराखाली पोचल्याबरोबर ती मातीत बसली आणि कुणाला न विचारता तिने आप्पांचा पाय मांडीवर ओढून घेतला. नाकेदाराला वाटलं ती नमस्कार करते आहे. तो मामांना म्हणाला, ‘अशी बाईमाणसं आता ऱ्हायली न्हाईत,’ आणि अदबीने पाठ करून उभा राहिला. आप्पा संकोचून पाय मागे घेत होते. ती सोडत नव्हती. अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं होतं आणि त्याखाली काळी कच भरली होती. तळव्याला दोन ठिकाणी कातडी पांढरी होऊन फुगली होती.

‘दाजी!’ मामा म्हणाले. ‘आणि तुम्ही हसून राहिले होते?’

आप्पा स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसे बघत होते. अव्वाने लुगड्याचा पदर फाडून अंगठा बांधला.

तो अंगठा पुढे काढावा लागला. पाय वाचला. पण ते नंतरचं. तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लातूरला परतल्यावर रोज सकाळी अव्वा पाणी उकळायची, कोमट करायची, जखम धुवायची, आणि धुताना जखमेभोवतीची लाली घोट्याकडे सरकली आहे का ते पाहायची. त्या दिवसांत ती शाळेतून आलेल्या मला अभ्यासाचं विचारायची नाही. ‘आप्पांचा पाय कालच्यापेक्षा गरम लागतो का बघ,’ एवढंच म्हणायची.

अशाच एका सकाळी आप्पांनी विचारलं, ‘दगड फार तापला होता का?’

‘होता.’

‘किती?’

पातेलं नुकतंच चुलीवरून उतरलं होतं. अव्वाने आप्पांचा हात धरला आणि पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला टेकवला. त्यांनी तो झटकन मागे घेतला.

‘इतका?’

‘इतका.’

आप्पा बोटं चोळत राहिले. मग त्यांची नजर खाली तिच्या पायांकडे गेली. ती टाचांवर चालत होती, गेले कितीतरी दिवस. आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी काही विचारायच्या आत अव्वाने लुगडं ओढून पावलं झाकून घेतली आणि म्हणाली, ‘पाय पुढे करा. पाणी निवेल.’

आप्पांनी पाय पुढे केला नाही. ते पाटावरून उठले, भिंतीला धरून कोनाड्यापर्यंत गेले आणि मलमाची डबी घेऊन तिच्यासमोर खाली बसले.