जांभळ्या सोयाबीनवर माझी सही

अहो, दुरूनच नमस्कार करून कुठे निघालात? निवृत्त फौजदार बाई काय चावते का? बसा असे जवळ, या बाकावर. चिखलीच्या ठाण्यातली ती गोष्ट आठवली की माझे कान अजून तापतात.

पेरणी तोंडावर होती. बातमीदाराने कळवलं, एक मुलगी भाड्याच्या खोलीत बियाण्याच्या पिशव्यांची नकली लेबलं छापते. नकली बियाणं म्हणजे कास्तकाराचा अख्खा हंगाम बुडाला. पंच घेऊन आम्ही छापा टाकला. चौकटीवर ताणलेली छपाईची जाळी, शाईचे डबे आणि दोरीवर वाळत घातलेले जाड कागद. सगळ्यांवर एकाच कंपनीच्या सोयाबीन बियाण्याच्या पिशवीचं तेच चित्र! मी तिथेच पंचनाम्याला बसले. प्रत्येक कागदावर माझी सही, पंचांच्या सह्या, शिक्का.

"मॅडम, त्याच्यावर सही नका करू! आठ दिवसांनी नागपूरले माझ्या चित्रांचं प्रदर्शन हाये. दोन वर्षांची मेहनत हाये!"

मी ऐकलं नाही. सगळे आरोपी असंच काहीतरी बोलतात.

ठाण्यात विचारलं, "दुसऱ्याची पिशवी छापतेस अन् त्याले चित्र म्हणतेस?"

"दुकानात ही पिशवी सारेच घेतात, पाहत कोणीच नाही. म्हणून मोठं केलं."

"मग विकतेस काऊन?"

"तुम्ही पगार घेता न, मॅडम?"

तेवढ्यात आमचे हवालदार, घरची शेती असलेला माणूस, कागद उजेडात धरून म्हणाले, "मॅडम, जांभळ्या सोयाबीनची थैली कोणता कास्तकार घेईन? ही गुलाबी, ही निळी. नकली करणारा असे रंग बदलवते का?"

मी कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. पेन्सिलीने क्रमांक आणि तिची पूर्ण नावाची सही. नकली माल करणारा आधी आपलं नाव लपवतो. मालावर सही करणारा मला उभ्या नोकरीत भेटला नव्हता. धावपळ करून प्रदर्शनाच्या आधी कोर्टाच्या परवानगीने कागद परत दिले, पण शिक्के कसे पुसणार?

माफी मागायला साध्या साडीत नागपूरला गेले, आणि दारातच थिजले. काचेच्या चौकटीत माझी सही! लोक वाकून ठाण्याचा शिक्का वाचत होते.

"पोरी, खराब झालेले काऊन लावले?"

"मॅडम, नवे कोरे छापले होते, त्याले कोणी विचारूनच नाही राह्यलं. तुमच्या सहीचेच आधी गेले."

माझ्या चुकीला गिऱ्हाईक! त्या दिवसानंतर समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढलं नाही.

शिक्क्याचं शेवटचं उरलेलं चित्र मीच विकत घेतलं. बैठकीच्या भिंतीवर आहे. ते तिचं चित्र की माझा पंचनामा, मला अजून ठरवता येत नाही. तुम्हीच घरी येऊन सांगा. पण लवकर या हो, चहा ठेवते.