पाच चाळीसची गाडी आणि वहिनीची फाइल

माझी वहिनी बसडेपोत नोंदी सांभाळते. सहा वर्षांत कोण कुठे चढलं, कुठे उतरलं, सगळं घरच्याच एका जुन्या लॅपटॉपवर, छोट्याशा डेटाबेसच्या एकाच फाइलीत. एक प्रश्न विचारला की मशीन अर्धा तास घुम्यासारखं बसायचं. तिचे साहेब म्हणायचे, "तुमचं उत्तर येईपर्यंत गाडी फेरी मारून परत येते!"

आणि त्याच साहेबांनी पहाटेची पाच चाळीसची गाडी बंद करायचं मनावर घेतलं. मी हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स. परतीच्या फेरीला तीच गाडी मला घरी आणते. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं.

"थांब गं, त्याची बैठक परवा आहे, तोवर हे मशीन पळतं करते," वहिनी म्हणाली. ती फाइल म्हणे आतून बारीक बारीक पानांत लिहिलेली असते; सहा वर्षांचं काही विचारलं की लाखो पानं उलटावी लागतात. तिनं सेटिंगमध्ये पानाचा आकार वाढवला, चहा ठेवला नि मिरवत परत आली. मशीन आपलं तसंच ढिम्म! कपाळावर हात मारून म्हणते, "नुसता आकार सांगून भागत नाही गं, अख्खी फाइल नव्यानं लिहून काढावी लागते." त्याला तेवढीच जागा मोकळी हवी. आणि जागा अडवली होती कुणी? माझ्या गाण्याच्या रेकॉर्डिंगनी.

"उडवू?"

"खबरदार!" मी खेकसले. मग माझी मीच उडवली. गाडीच नसेल तर गाणी घेऊन काय चाटायचंय? माझ्या गाण्याला कंटाळलेला तिचा नवरा, माझा दादा, मात्र खुशीत होता.

नवी फाइल तिनं गाडीवार, तारीखवार लावून लिहिली. अर्ध्या तासाचं काम चार सेकंदांवर आलं.

बैठकीचं वहिनीनं सांगितलं तसं सांगते. पहिलं उत्तर आलं: पाच चाळीसला सरासरी नऊ माणसं. साहेब म्हणाले, "झालं तर मग, बंद!" पूर्वी तिथंच गाशा गुंडाळावा लागला असता. आता तिनं बसल्या जागी दुसरा प्रश्न टाकला, हे नऊ कोण? रोजचेच पास, हॉस्पिटलच्या दारात उतरणारे. मग तिसरा, परतीला तिथे कोण चढतं? परतीच्या फेरीचा नंबर वेगळा, म्हणून कुणी बघितलंच नव्हतं. दुसरेच नऊ.

"नऊ पोचतात तेव्हा नऊ सुटतात, साहेब," वहिनी म्हणाली. "त्यातली एक माझी नणंद. आत्ता घरी झोपलीय. गाडी बंद, हे तिला उठवून तुम्हीच सांगा."

साहेबांनी गाडी ठेवली.

दुपारी वहिनीनं मला गदागदा हलवलं. "अगं, गाडी राहिली! झोप आता निवांत." झोपलेल्या माणसाला उठवून झोप म्हणणारी बाई! मी तिला चार शिव्या हासडल्या आणि तिच्याच गळ्यात पडून रडले.