बर्म्याचा उडीद

म्यानमार हा दक्षिण आणि आग्नेय आशिया यांना जोडणारा सेतू असून त्याच्या स्थैर्यावर साऱ्या प्रदेशाच्या व्यापाराचं भवितव्य अवलंबून आहे. हे वाक्य माझंच. मलकापुरातल्या एका चर्चासत्रात मी ते म्हटलं, तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने समई पुन्हा विझली होती आणि शालीत मला घाम फुटला होता. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला अधूनमधून असं बोलावणं येतं. यादवीने पोखरलेला तो देश, त्याची बंदरं, तिथून जाणारे रस्ते, शेजारी राष्ट्रांचे हितसंबंध, सगळं मी नकाशावर काठी ठेवून समजावलं. टाळ्या झाल्या आणि लोक पोह्यांकडे वळले.

शेजारच्या बाईंना एवढंच कळलं की सर बर्म्यावर बोलले. संध्याकाळी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अंगणवाडीत मदतनीस, नवरा वारलेला, एकच मुलगा. मागच्या पावसाळ्यात तो बँकॉकला कॉम्प्युटरच्या नोकरीवर म्हणून गेला. विमानतळावरून त्याला मोटारीत घातलं, दिवसभर नेलं आणि एका नदीवर नावेत बसवलं. पलीकडचा काठ म्यानमारचा. तिथे पासपोर्ट काढून घेतला आणि तारेच्या कुंपणाआड बसवून काम दिलं: फोनवरून परक्या लोकांशी गोड बोलायचं आणि त्यांना लुबाडायचं. नाही म्हटलं की मार. हे त्याने एकदा चोरून सांगितलं होतं. एरवी फोन यायचा तेव्हा बाजूला कोणीतरी उभं असायचं आणि तो म्हणायचा, "मी बरा हाय, माय."

"सर, तुम्हाले त्या देशाचं सारं मालूम हाय म्हणते," बाई म्हणाल्या. "पोराले आणाले मी कोणाले सांगू?"

मी दूतावास, कलेक्टर कचेरी अशी नावं घेतली. बुलढाण्याला त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. माझ्याकडचं संपलंय हे ओळखून त्यांनीच मला धीर दिला.

"बुद्धाचा देश हाय, सर. तिथं कसं वाईट होईन?"

त्यांच्या घरात बुद्धाची लहानशी मूर्ती आहे, रोज तिच्यापुढे मेणबत्ती लागते. 'समान सांस्कृतिक वारसा' असा एक मुद्दा माझ्याही भाषणात होता. मी त्यांना चहा दिला.

थंडी सरताना फोन यायचे थांबले. बाई कामावर जात होत्या, येत होत्या. वाटेत भेटल्या की मी नकळत भरभर पावलं उचलायचो.

उन्हाळा लागला. आमच्या गल्लीत बाया एकमेकींकडे पोळपाट-लाटणं घेऊन जातात आणि एकेका घरचे उडदाचे पापड लाटून देतात. आता पाळी बाईंच्या घराची होती. किराणा दुकानात मी चहापत्ती घेत होतो, तेव्हा त्या उडीद पाहत होत्या.

"काकू, हा बर्मा घ्या," दुकानदार म्हणाला. "देशी महाग हाय."

"बर्मा म्हंजे?"

"तिथून येते, जहाजानं."

"तिथं तं लढाई चालू हाय."

"चालू हाय ना. पण माल येऊन राह्यला."

"मंग उडीद येते, तं माणूस काऊन येत नाही?"

दुकानदाराने तराजूकडे पाहिलं. "उडदाले मागणी हाय, काकू."

"मीबी मागूनच राह्यली ना, बापू."

वजन झाल्यावर दुकानदाराने पिशवीत आणखी एक ओंजळ टाकली. बाईंनी ती परत पोत्यात काढून ठेवली.

पापड त्यांनी लाटले नाहीत. उडीद डब्यात पडून राहिला.

मग एका टोळीने दुसऱ्या टोळीवर हल्ला केला, कुंपणाचे राखणदार पळाले आणि आतली पोरं नदीकडे धावली. त्यांतली काही सरकारी विमानाने दिल्लीला आली. त्यांत बाईंचा मुलगा होता. ज्या स्थैर्यावर मी बोललो होतो ते ढळलं, म्हणून तो सुटला.

तो घरी आला आणि उन्हाळा सरायच्या आत बाईंकडे पापड लाटायला बाया जमल्या. तो भिंतीला पाठ लावून बसला होता. डाव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. कोणाचा मोबाइल वाजला की दचकून उजव्या बाजूला वळतो. आईने पापडाच्या पिठाची लाटी तेलात बुडवून त्याच्या हातात दिली. लहानपणी तो यासाठीच पापडांजवळ घुटमळायचा. त्याने ती सावकाश खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला.

मास्तरकीची सवय जात नाही. मी विचारलं, "देश कसा आहे रे?"

"दिसलाच नाही, सर. खिडक्याईले आतून रंग मारेल होता."

पापड लाटणारी एक म्हातारी म्हणाली, "काऊन बे, हा उडीद तिथलाच हाय म्हणते. रोज डाळ खात असशीन."

"नाही, आजी," तो म्हणाला. "भात अन् पत्ताकोबी. डाळ एक दिवस नाही भेटली."