पिशवी कुणाची?

राहात्यात डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यासमोरच माझी रक्त-लघवी तपासायची लॅब होती. बाई सांगायच्या कमी, विचारायच्या जास्त. रिपोर्ट कितीही वाईट असला तरी शांतपणे वाचून, त्याच्या चार घड्या घालून ॲप्रनच्या खिशात ठेवायच्या. मला फार कुतूहल वाटायचं, या बाईंना भीती म्हणून वाटतच नसेल का?

एकदा एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेचं पहिलं बाळंतपण सिझरचं होतं आणि आता दुसरा गर्भ त्या जुन्या टाक्यांच्या व्रणातच रुजला होता. गर्भाची पिशवी कधीही फुटून जिवावर बेतलं असतं.

"पिशवीच काढून टाका, बाई. लई कटकट झाली," सासू म्हणाली.

"पिशवी कुणाची?"

"सुनंची."

"मग तिलाच विचारू."

सून हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

"रक्त जायला लागलं तर मात्र काढावी लागेल हं," बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं.

मग सोनोग्राफीत बघत बघत त्यांनी लांब सुईनं गर्भात तो जिरवणारं औषध सोडलं आणि वाट पाहिली. ऑपरेशनची हत्यारं रोज उकळून तयार असायची. पहिले आठ दिवस बाई घरी गेल्याच नाहीत. दर चार दिवसांनी मी सुनेचं रक्त एसटीनं पुण्याला तपासायला पाठवायचो. गर्भाच्या हार्मोनचे आकडे मुंगीच्या पावलांनी उतरत होते.

दीड महिन्यानं रिपोर्ट आला. गर्भाचा अंशही उरला नव्हता, पिशवी शाबूत होती. बाईंनी तो तीनदा वाचला.

"पुन्हा एकदा पाठवा," म्हणाल्या.

चार घड्यांतली पहिलीच घडी त्यांना काही केल्या सरळ घालता येईना.