रानडुकराचा अर्ज आणि नानांची सही

गेल्या सोमवारी सकाळीच जामनेरला वनविभागाच्या ऑफिसात होते. हातात अर्ज, सातबारा, आडव्या झालेल्या मक्याचे फोटो... आणि अर्जातला एक रकाना कोरा.

आमच्या शेतात रानडुकरांचा कळप शिरतोय. आबा, म्हणजे माझे वडील, फोनवर एवढंच म्हणाले होते, "बठ्ठा मका आडवा करी टाका." म्हणजे डुकरांनी सगळा मका आडवा केला होता. मी जळगावला नोकरी करते, त्यामुळे कागदपत्रांचं काम माझ्याकडे. एक डुक्कर मारायची परवानगी मागायची होती.

कोरा रकाना होता बंदूकवाल्याच्या नाव-सहीचा. गावात परवान्याची बंदूक एकाकडेच... नानांकडे. नाना म्हणजे आबांचे सख्खे भाऊ. वाटणी झाल्यापासून बारा वर्षं दोघांत बोलणं नाही.

तिथून तशीच नानांच्या दारात गेले. स्कूटी बंद केली, परत सुरू केली, परत बंद केली... शेवटी काकूंनीच खिडकीतून पाहिलं आणि आत बोलावलं.

नानांनी अर्ज दोनदा वाचला. "तुना बापनी धाडं का तुले?"

"नाही नाना. त्यांना माहीतच नाही."

नानांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "कोठे करनी शे सही?"

सही झालेला अर्ज देऊन आले. आबांना सांगितलं, तर ते उठून गोठ्यात गेले. पुढचे चार दिवस माझं कशातच लक्ष नव्हतं. सारखा मोबाईल बघायचा, वनविभागाच्या ऑफिसला फोन लावायचा, जेवता जेवता उठायचं... आणि मका रोज कमी होत होता.

शुक्रवारी परवानगी आली. रविवारी उजाडताना कळप मक्यातून बाहेर पडला. नानांचा एकच बार... मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा एक मोठं डुक्कर मातीत पडलेलं. हायसं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही.

वनरक्षक पंचनाम्याला आले. आबा एकीकडे, नाना दुसरीकडे, मध्ये दहा हातांचं अंतर. लिहिता लिहिता वनरक्षकांनी नानांकडे बघत आबांना विचारलं, "हे तुमचे कोण?"

आबा खालीच बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणणार, गावातले आहेत...

"भाऊ शे मना," आबा म्हणाले. "धाकला."

नानांनी बंदूक उगाचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

त्यानंतरही दोघं फारसं बोलले नाहीत. पण त्या वनरक्षकांचे आभार कसे मानावेत, मला अजून कळत नाही. तो साधा प्रश्न बारा वर्षांत मला विचारता आला नव्हता.