कोंब आलेला नारळ

आई गेल्यानंतरचा तो पहिला ईस्टर. जेवणाचं टेबल दरवर्षी तीच सजवायची. मला त्यातलं काही जमत नाही, म्हणून निदान झेंडू तरी आणावा, असं ठरवून मी बोर्लीच्या बाजारात गेले.

फुलवाली म्हातारी पानात फुलं बांधत होती. केळीच्या वाळल्या सोपटाचा दोरा ती दातांनी तोडायची.

"कसला सन हाय, बाय?"

"आमचा देव मेला होता, तो परत उठला, त्याचा," मी घाईघाईत सांगितलं.

तिचा हात थांबला. बांधलेली पुडी सोडून तिनं फुलं सरळ टोपलीत परत टाकली. मला रागच आला.

"मंग तोडलेली फुलं कशाला? सांजच्याला माना टाकतील," असं म्हणत तिनं पाठीमागच्या गोणपाटाखालून कोंब आलेला नारळ काढला. "लावायला ठेवलावता. ने तू. ह्यो उठतोय बघ."

घरी मी तो आईच्या काचेच्या वाडग्यात बसवला आणि तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर मांडला.

जेवता जेवता पपांनी आपल्या पेल्यातलं थोडं पाणी त्याला घातलं.